आपल्याच पक्षाचा मवाळ खासदार प्रायमरीत पाडावा का? आधी हा हिशोब मांडा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अमेरिकेतल्या तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे मतदारसंघात, गेल्या दोन्ही अध्यक्षीय निवडणुकांत तुमच्या पक्षाला जेमतेम तीन-चार टक्क्यांची आघाडी होती. खासदार तुमच्याच पक्षाचा, पण महत्त्वाच्या मतदानात दहापैकी तीन वेळा पलीकडच्यांबरोबर जातो. आता प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदारांच्या निवडणुकीत, त्याच्यासमोर एक तरुण उमेदवार उभी राहते आहे आणि तुमचा गट तिच्यासाठी पैसे आणि स्वयंसेवक जमवतो आहे. निम्मे मित्र म्हणतात ‘सीट घालवाल’, बाकीचे म्हणतात हा नेहमीचा बागुलबुवा. खरं कोण बोलतंय, आणि ती हरली तरी निदान तो सुधारेल का, हे तुम्हाला हवं आहे.

पक्षाचं नाव लिहिलं नाहीत ते बरं केलंत. हिशोब दोन्हीकडे सारखाच चालतो, उदाहरणंही मी दोन्हीकडची घेतो.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला एक सवय आधी सोडावी लागते. तिकडे विद्यमान आमदाराचं तिकीट कापायचं की नाही हे वरून ठरतं. शेवटच्या रात्री एबी फॉर्म कुणाच्या हातात पडतो यावर सगळं अवलंबून. पण तिकीट कापणारेच नंतर नाराजाची समजूतही काढतात. महामंडळ देतात, विधान परिषदेचं गाजर दाखवतात. अमेरिकेत तिकीट मतदार कापतात आणि पडलेल्याची समजूत काढायला कुणी बांधील नसतं. प्रायमरीतले निम्मे धोके इथूनच निघतात.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही ‘हा की ती’ अशी तुलना करताय. खुर्चीवर बसू शकणारी माणसं तीन आहेत: हा, ती आणि समोरच्या पक्षाचा माणूस. तिसऱ्याला धरल्याशिवाय हिशोब होत नाही. एक कागद घ्या. समजा, दोन वर्षांत तुमच्या दृष्टीने महत्त्वाची १०० मतदानं होतील. त्यांत हा ७० वेळा तुमच्या बाजूने असेल, ती ९५ वेळा, समोरचा ५ वेळा. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत याची जिंकण्याची शक्यता ८० टक्के धरली, तर तुमच्या पदरात सरासरी ५७ मतदानं पडतात. तिच्याकडून तेवढीच पडायची तर तिची शक्यता किमान ५८ टक्के हवी. म्हणजे २२ टक्के शक्यता गमावूनही तुमचं नुकसान होत नाही. बागुलबुवा म्हणणाऱ्या मित्रांचा मुद्दा इथे खरा ठरतो, आणि पक्षाचे व्यावसायिक सल्लागार तो सहसा तुम्हाला सांगत नाहीत.

पण या आकड्यात पहिल्या दिवसाचं मतदान धरलेलं नाही. हाउसचा, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाचा, स्पीकर कोण, समित्यांचे अध्यक्ष कोण, कोणतं विधेयक सभागृहापुढे येणार आणि कोणतं फायलीत सडणार, हे सगळं त्या एका मतात ठरतं. तिथे हाही तुमचाच आणि तीही तुमचीच. समोरचा मात्र नाही. बहुमत काठावर असेल तर त्या एका मताला मी उरलेल्या शंभरांइतकं वजन देतो. आता पुन्हा मांडा. हा १७०, ती १९५, समोरचा ५. तिला लागणारी किमान शक्यता ५८ वरून थेट ६९ वर जाते. तुमच्याकडे उरते ११ टक्क्यांची मोकळीक.

११ टक्के शक्यता म्हणजे मतांत किती? काठावरच्या सीटवर फारच कमी. अपेक्षित आघाडी ४ टक्के असेल आणि अंदाज साधारण ५ टक्क्यांनी इकडेतिकडे होत असेल, तर जिंकण्याची शक्यता ७९-८० टक्के येते. तीच आघाडी २ टक्क्यांवर आली की शक्यता ६६ टक्के. म्हणजे तिच्यामुळे आघाडी फक्त दोन टक्क्यांनी घटली तरी व्यवहार तोट्यात. उलट डिस्ट्रिक्ट २० टक्क्यांनी तुमचं असेल तर दोन काय, आठ टक्के घटले तरी काही बिघडत नाही. तेव्हा सगळा वाद एका आकड्यावर येतो: आत्ताच्या खासदाराला पक्षापेक्षा जास्त मतं किती पडतात?

हा आकडा काढता येतो. प्रत्येक प्रिसिंक्टमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत बूथवार, अध्यक्षपदाच्या उमेदवाराची टक्केवारी आणि खासदाराची टक्केवारी शेजारी-शेजारी मांडा. मधल्या काळात सीमा बदलल्या असतील तर जुने निकाल नव्या हद्दींवर बसवून घ्या. लोक नेमकं हेच विसरतात. फरक एक-दीड टक्का असेल तर ती मतं पक्षाची आहेत, त्याची नाहीत. सहा-सात टक्के असेल तर ती त्याची खाजगी पुंजी आहे आणि तो गेला की बरोबर जाते. वेस्ट व्हर्जिनियात २०१६ मध्ये ट्रम्प सुमारे ४२ टक्क्यांनी जिंकले, तिथे २०१८ मध्ये डेमोक्रॅट जो मॅन्चिन तीन टक्क्यांनी सिनेटवर निवडून आले. २०२४ मध्ये ते उभे राहिले नाहीत आणि रिपब्लिकन जिम जस्टिस यांनी ती सीट सुमारे ४१ टक्क्यांनी घेतली. मॅन्चिनवर वैतागायला डेमोक्रॅटांकडे भरपूर कारणं होती, पण त्या राज्यात त्यांना पर्याय म्हणून दुसरा डेमोक्रॅट कधीच नव्हता.

रिपब्लिकन बाजूचं असंच उदाहरण वॉशिंग्टन राज्याच्या तिसऱ्या डिस्ट्रिक्टचं. २०२० मध्ये ट्रम्प तिथे साधारण चार टक्क्यांनी पुढे होते, खासदार जेमी हेरेरा बॉयटलर तेरा टक्क्यांनी. त्यांनी ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाच्या बाजूने मत दिलं, २०२२ च्या प्रायमरीत त्या तिसऱ्या आल्या आणि रिपब्लिकन उमेदवार झाले जो केंट. नोव्हेंबरमध्ये सीट गेली, सुमारे २,६०० मतांनी. जिंकलेल्या डेमोक्रॅट मेरी ग्लूझेनकॅम्प पेरेझ २०२४ मध्ये पुन्हा आल्या, त्याच केंट यांना हरवून, तेही ट्रम्प डिस्ट्रिक्ट जिंकत असताना. नुकसान दोन वर्षांचं धरू नका, असं मी म्हणतो ते यासाठी. समोरचा माणूस एकदा आत गेला की तोच ‘विद्यमान’ होतो आणि जी पुंजी तुमच्या माणसाकडे होती ती तो जमवायला लागतो.

स्टॅनफर्डचे अँड्र्यू हॉल यांनी १९८० ते २०१० मधल्या हाउसच्या अटीतटीच्या प्रायमऱ्या तपासल्या होत्या. टोकाचा उमेदवार थोडक्यात जिंकला तर पक्षाची नोव्हेंबरमधली मतं सरासरी ९ ते १३ टक्क्यांनी घटतात असं त्यात निघालं. हा आकडा आजच्या निवडणुकीला जसाच्या तसा लावू नका. आता लोक माणसापेक्षा पक्ष बघून मत देतात, त्यामुळे फटका लहान झाला आहे. मी दोन ते चार टक्के धरून चालतो. पण वर पाहिलंत तसं, तुमच्या डिस्ट्रिक्टला दोनच पुरतात. शिवाय फटका फक्त कुंपणावरच्या मतदारांकडून बसत नाही. टोकाचा उमेदवार पाहून समोरच्या पक्षाचे घरी बसणारे मतदार बाहेर पडतात. ‘आमचे कार्यकर्ते पेटून उठतील’ हे खरं असतं, फक्त त्यांचेही पेटतात.

तुमच्या परिस्थितीला सगळ्यात जवळचं उदाहरण ओरेगनच्या पाचव्या डिस्ट्रिक्टचं आहे. कर्ट श्रेडर हे सात वेळा निवडून आलेले डेमोक्रॅट. औषधांच्या किमतींच्या तरतुदीला त्यांनी २०२१ मध्ये समितीत विरोध केला आणि पक्षातले लोक चिडले. त्यात सीमा बदलल्या. नव्या डिस्ट्रिक्टमधल्या निम्म्या लोकांनी त्यांना आधी कधी मत दिलेलंच नव्हतं. मे २०२२ मध्ये जेमी मॅक्लाउड-स्किनर यांनी त्यांना साधारण दहा टक्क्यांनी पाडलं. बायडन यांना २०२० मध्ये याच हद्दीत सुमारे नऊ टक्क्यांची आघाडी होती, तरी नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन लोरी चावेझ-डेरेमर दोन टक्क्यांनी जिंकल्या. त्या वर्षी हाउसचं बहुमत रिपब्लिकनांकडे गेलं ते २२२ विरुद्ध २१३ असं, त्यामुळे एकेक सीट मोजली गेली.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर श्रेडर असते तर जिंकले असते, हे कुणी सिद्ध करू शकत नाही. ते वर्ष ओरेगनमध्ये डेमोक्रॅटांना जड होतं, आणि निम्म्या डिस्ट्रिक्टमध्ये त्यांची पुंजी नव्हतीच. पण २०२४ मध्ये काय झालं ते बघा. मॅक्लाउड-स्किनर पुन्हा उभ्या राहिल्या, पक्षाने त्यांच्यापेक्षा मवाळ जॅनेल बायनम यांना निवडलं आणि बायनम यांनी सीट परत आणली. श्रेडर यांच्या जागी नवा माणूस आणणं तिथे अशक्य नव्हतं. पहिल्या वेळी पर्याय चुकला. ‘याला हटवावं का’ हा प्रश्न ‘याच्याऐवजी नेमकं कोण’ यापासून वेगळा काढताच येत नाही, आणि चिडलेल्या गटात दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही.

इथपर्यंतचा धोका सगळ्यांना दिसतो. न दिसणारा धोका म्हणजे पडलेला, किंवा पडायच्या बेतात असलेला माणूस पुढे काय करतो.

२४ डिसेंबर २००९ ला सिनेटने ओबामांचा आरोग्यविमा कायदा ६० विरुद्ध ३९ मतांनी मंजूर केला. विरोधकांची अडवणूक मोडायला साठ मतं लागत होती, त्यामुळे साठपैकी एक जरी कमी पडतं तरी विधेयक अडकलं असतं. त्या साठांतली दोन मतं बघा. एक आर्लेन स्पेक्टर यांचं. पेनसिल्व्हेनियाचे हे जुने रिपब्लिकन. २००४ च्या प्रायमरीत पॅट टूमी यांच्यापुढे ते दोन टक्क्यांहून कमी फरकाने वाचले होते. २०१० मध्ये टूमी पुन्हा येणार आणि यावेळी पाडणार, हे दिसल्यावर एप्रिल २००९ मध्ये ते सरळ डेमोक्रॅट झाले. पुढे डेमोक्रॅटांच्या प्रायमरीत ते जो सेस्टॅक यांच्याकडून पडले आणि नोव्हेंबरमध्ये सीट टूमींनीच जिंकली. म्हणजे रिपब्लिकनांना हवा तो माणूस मिळाला, सीटही मिळाली, पण मधल्या वीस महिन्यांत कायदा होऊन गेला होता. प्रायमरी व्हायची होती तेव्हाच तिची किंमत वसूल झाली.

दुसरं मत डेमोक्रॅट सिनेटर जो लिबरमन यांचं. कनेटिकटमध्ये ऑगस्ट २००६ च्या प्रायमरीत नेड लॅमॉन्ट यांनी त्यांना ५२-४८ ने पाडलं. पण त्या राज्यात प्रायमरी हरलेल्याला अपक्ष उभं राहायला बंदी नव्हती. ७,५०० सह्या लागत होत्या आणि मुदत प्रायमरीच्या दुसऱ्या दिवसाची होती. लिबरमन यांनी सह्या आधीच जमवून ठेवल्या होत्या. रिपब्लिकन मतदारांनी आपल्या नावापुरत्या उमेदवाराला दहा टक्क्यांखाली ठेवलं आणि लिबरमन दहा टक्क्यांनी जिंकले. मग २००८ मध्ये ते रिपब्लिकनांचे अध्यक्षीय उमेदवार मॅकेन यांच्यासाठी रिपब्लिकन अधिवेशनात बोलले, आणि २००९ मध्ये त्यांनी साठावं मत दिलं ते सरकारी विमा योजनेचा पर्याय आणि ५५ वर्षांवरच्यांना मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा), या दोन्ही तरतुदी काढायला लावून. ज्यांनी त्यांना पाडलं होतं, त्यांनाच या दोन गोष्टी सगळ्यात जास्त हव्या होत्या.

अलास्कातल्या रिपब्लिकन सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांचीही तीच गत. ऑगस्ट २०१० मध्ये रिपब्लिकन प्रायमरीत जो मिलर यांच्याकडून त्या सुमारे दोन हजार मतांनी हरल्या. मतपत्रिकेवर नाव नाही, म्हणून लोकांना वर्तुळ काळं करून हाताने नाव लिहायला सांगितलं, स्पेलिंग छापलेल्या मनगटी पट्ट्या वाटल्या आणि ३९ टक्क्यांवर जिंकल्या. जुलै २०१७ मध्ये आरोग्यविमा कायदा रद्द करण्याचा प्रस्ताव सिनेटमध्ये ४९-५१ ने पडला, त्या ५१ मध्ये तीन रिपब्लिकन होते. त्यांतल्या एक मर्कोव्स्की.

म्हणून सगळ्यात आधी तुमच्या राज्याचा कायदा उघडा. बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्याला त्याच निवडणुकीत अपक्ष किंवा दुसऱ्या पक्षातून उभं राहता येत नाही, किंवा अर्जाच्या तारखाच अशा असतात की ते जमत नाही. कनेटिकट आणि न्यूयॉर्क हे अपवाद. बंडखोरीची वाट उघडी असेल तर तुमच्या कागदावर चौथा माणूस वाढवा, कारण तो एक तर जिंकेल किंवा तुमची मतं फोडेल.

प्रायमरीचा प्रकारही बघा. फक्त पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांची असेल तर मवाळ खासदार लवकर पडतो. सगळ्यांची एकत्र असेल तर टिकतो. २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाला पाठिंबा देणारे दहा रिपब्लिकन खासदार होते. चार निवृत्त झाले, चार प्रायमरीत पडले, दोन वाचले: कॅलिफोर्नियाचे डेव्हिड वलडेओ आणि वॉशिंग्टनचे डॅन न्यूहाउस. दोघांच्याही राज्यांत सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि पहिले दोन पुढे जातात. (हेरेरा बॉयटलरही त्याच पद्धतीत पडल्या, तेव्हा ती काही हमी नाही.)

रनऑफ, म्हणजे पहिल्या दोघांत पुन्हा मतदान, नसेल आणि उमेदवार पाच-सहा असतील, तर कमी टक्क्यांतही कुणीतरी जिंकून जातं. मराठी वाचकांना माहीत असलेलं नाव घ्यायचं तर बेळगावचे श्री ठाणेदार. डेट्रॉइटच्या डिस्ट्रिक्टमध्ये २०२२ ची प्रायमरी त्यांनी सुमारे २८ टक्के मतांवर जिंकली. सीट डेमोक्रॅटांच्या हक्काची, म्हणून नोव्हेंबरमध्ये काही फरक पडला नाही. हेच गणित तुमच्या काठावरच्या डिस्ट्रिक्टमध्ये झालं तर ७२ टक्के नाराज घेऊन उमेदवार मैदानात उतरेल.

तारीखही महत्त्वाची. प्रायमरी मार्च-मे मध्ये असेल तर जखमा भरायला सहा महिने मिळतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असेल तर आठ-दहा आठवडे. आणि समोरचा पक्ष त्या वेळी हातावर हात ठेवून बसत नाही. मिशिगनच्या तिसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये २०२२ ला डेमोक्रॅटांच्या काँग्रेस प्रचार समितीने सव्वाचार लाख डॉलरच्या आसपास खर्चून एक जाहिरात चालवली. वरवर ती रिपब्लिकन प्रायमरीतले आव्हानवीर जॉन गिब्स यांच्यावर टीका होती, पण ‘हे फारच कट्टर, ट्रम्पचे’ असं सांगून रिपब्लिकन मतदारांना त्यांच्याकडे ढकलणारी. विद्यमान रिपब्लिकन खासदार पीटर मायर थोडक्यात पडले, आणि नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट हिलरी शोल्टन यांनी गिब्स यांना तेरा टक्क्यांनी हरवलं. तुमच्या उमेदवाराच्या मदतीला अनोळखी नावाच्या समितीचा पैसा अचानक आला, तर तो कुणाचा आहे ते शोधा.

पाडणं शहाणपणाचं कधी? हक्काच्या सीटवर जवळपास नेहमीच. युटाहमध्ये २०१० ला रिपब्लिकन सिनेटर बॉब बेनेट यांना पक्षाच्या अधिवेशनातच बाद केलं, माइक ली आले, रिपब्लिकनांनी काही गमावलं नाही. उलट फायदा शेजारच्या खुर्चीवर दिसला: तिथलेच दुसरे सिनेटर ऑरिन हॅच पुढची दोन वर्षं उजवीकडे सरकत राहिले आणि २०१२ ची प्रायमरी आरामात जिंकले. काठावरच्या राज्यातही कधी जमतं. अॅरिझोनात डेमोक्रॅट सिनेटर कर्स्टन सिनेमा यांना प्रायमरीत टिकणार नाही हे दिसलं, त्यांनी पक्ष सोडला, शेवटी उभ्याच राहिल्या नाहीत आणि डेमोक्रॅट रुबेन गायेगो यांनी २०२४ मध्ये रिपब्लिकन केरी लेक यांना हरवलं. पण तिथे दोन गोष्टी जुळल्या होत्या. सिनेमांची खाजगी पुंजी संपलेली होती, आणि गायेगो पट्टीचे उमेदवार होते.

‘हरली तरी तो सुधारेल का’ याचं उत्तर: सुधारला तर बहुतेक मतदानाच्या आधी सुधारतो. आर्कान्सासच्या डेमोक्रॅट सिनेटर ब्लँच लिंकन यांनी २०१० मध्ये बिल हॉल्टर समोर उभे असताना बँकांच्या डेरिव्हेटिव्ह व्यवहारांवर सगळ्यात कडक तरतूद मांडली. प्रायमरी थोडक्यात जिंकल्या, नोव्हेंबरमध्ये वीस टक्क्यांनी पडल्या. दुसरं टोक मेनमध्ये दिसलं. डेमोक्रॅट खासदार जॅरेड गोल्डन यांच्यासमोर प्रायमरीत उमेदवार उभा राहिला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी पुन्हा लढणारच नाही असं जाहीर केलं. ट्रम्प यांनी तीन वेळा जिंकलेला तो डिस्ट्रिक्ट आहे. धमकी द्यायची तर तो कंटाळून निघून जाण्याची शक्यताही हिशोबात हवी.

तुमच्या बाबतीत मी काय करेन? पुंजीचा आकडा तीन टक्क्यांहून जास्त निघाला तर तुमच्या गटाला पाडण्यापेक्षा दबावासाठी वापरेन: दोन-तीन नेमकी मतदानं, लेखी मागणी, आणि अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेआधी उत्तर. त्या तारखेनंतर दबावाला किंमत उरत नाही. आकडा दीड टक्क्याच्या आत असेल आणि ती आधी कुठलीतरी निवडणूक डिस्ट्रिक्टच्या विरोधी भागात लढून आली असेल, तर पाठिंबा द्या. मधे असेल तर त्या वर्षी व्हाइट हाउस कुणाकडे आहे ते बघा. अध्यक्ष समोरच्या पक्षाचा असेल तर त्याच्या मुदतीच्या मध्यात येणाऱ्या निवडणुकीत वारं सहसा तुमच्या पाठीमागून येतं, आणि दोन टक्के त्यात भरून निघू शकतात.

पैशांबद्दल, कारण तुमच्या गटात सगळेच नागरिक नसतील. २०२५-२६ साठी एका माणसाची मर्यादा प्रत्येक निवडणुकीला ३,५०० डॉलर आहे, प्रायमरी आणि नोव्हेंबर वेगळ्या धरून. ती प्रायमरी हरली तर नोव्हेंबरसाठी म्हणून दिलेली रक्कम तिला तशीच वापरता येत नाही. एकदम ७,००० चा चेक लिहू नका. ग्रीन कार्डवाले देऊ शकतात. एच-वन-बीवर असलेल्यांनी एक डॉलरही द्यायचा नाही, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावावरूनही नाही. दारोदार फिरायला मात्र येऊ शकतात. आणि मत द्यायचंय त्यांनी पक्षाची नोंद आजच तपासावी. न्यूयॉर्कमध्ये पक्ष बदलायची मुदत १४ फेब्रुवारीला संपते, न्यूजर्सीत प्रायमरीच्या ५५ दिवस आधी.